क्लोटे सरांचा दिवंगत भाऊ

तेशीच्या समुद्राकडच्या शाळेत क्लोटे सर एकोणीस वर्षं मुलांची आयुष्यं मार्गी लावत होते, आणि एका आयुष्याला त्यांना साधारण चार मिनिटं लागत.

त्यांचं खरं काम समाजशास्त्र शिकवण्याचं. करिअर मार्गदर्शनाचं लचांड कुणीच घेईना म्हणून एका वर्षी ते त्यांच्या गळ्यात पडलं, आणि गळ्यात पडलेली वस्तू मिरवायची सवय असल्यामुळे सरांनी ती हारासारखी घातली. चर्चच्या गायनवृंदाचे जुने झगे ठेवायची कोठी त्यांनी मागून घेतली, झगे एका बाजूला सारले आणि दारावर स्वतःच्या हातानं पाटी रंगवली. पद्धत सोपी होती. मूल आत येई आणि उभं राही. सर गुणपत्रिका बघत. गुण उत्तम असले की विज्ञान. बरे असले की वाणिज्य. त्याखाली गेले की साहित्य-इतिहास. आणि ज्या मुलाकडे बघून सरांना उसासा येई, त्याची रवानगी गृहविज्ञानाला नाहीतर चित्रकलेला. शेवटी ते "काही प्रश्न?" असं विचारत आणि लगेच "पुढचा!" म्हणून ओरडत. त्या दोन शब्दांच्या मध्ये एखाद्या मुलाला तोंड उघडता आलं असं शाळेच्या इतिहासात घडलेलं नव्हतं.

ज्युनियर हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला पसंतीचा फॉर्म असतो. पुढची शाळा कोणती, शाखा कोणती, हे त्यावर लिहायचं. खाली पालकांची सही आणि मार्गदर्शक शिक्षकांची सही. शुक्रवारी सगळे फॉर्म कॉम्प्युटरात भरले गेले की मग देवाचा बाप आला तरी काही बदलत नाही. यंदा मुख्याध्यापिका ओकांटे मॅडमनी पालकांच्या सभेत उठून जाहीर करून टाकलं होतं, की आपली वीस मुलं विज्ञानाला जाणार. फाटकावर फलक रंगवायलाही दिला होता. क्लोटे सरांनी मोजून वीस मुलं काढली होती, आणि त्यांत पहिलं नाव होतं शोर्मेचं.

म्हणून सोमवारी शोर्मेचा फॉर्म बघितल्यावर सरांना वाटलं, पोरीचा हात चुकला.

"शोर्मे, इथं चूक झालीय," ते म्हणाले. "शाखेच्या रकान्यात चित्रकला लिहिलंयस."

"चूक नाही, सर."

"आणि पेननं लिहिलंयस!"

"हो सर. पेन्सिलीचं तुम्ही खोडता, म्हणून."

सरांनी चष्मा काढला. चष्मा काढला की समोरचं मूल गडबडतं, असा त्यांचा अनुभव होता. ही उभीच राहिली. शिडशिडीत, पंधरा वर्षांची, डोक्याचे केस शाळेच्या नियमाप्रमाणे अगदी बारीक कापलेले, आणि बोटांना कसलातरी लाल रंग.

"अगं, गणितात वर्गात पहिली तू. विज्ञानात पहिली तू. नर्स होशील, डॉक्टर होशील. चित्रकलेला कोण जातं माहीत आहे ना?"

"ज्यांच्याकडे बघून तुम्हाला उसासा येतो ते, सर."

"मग?"

"मला अतांच्या दुकानात काम करायचंय."

अता म्हणजे तिचे आजोबा, ओडार्टे. तेमा रोडवर त्यांचं शवपेट्यांचं दुकान. तेशीत माणूस जे करत जगला त्याच आकाराच्या पेटीत त्याला झोपवतात, हे काही कुणाला नव्यानं सांगायला नको. कोळ्याला मासा, कांदेवालीला कांदा, शिंपिणीला शिलाईचं मशीन. ओडार्टे अतांच्या हातचा मासा तर असा असे, की मांजरं दुकानासमोर ठिय्या देऊन बसत.

"शवपेट्या?" सर म्हणाले. "मुलीच्या जातीनं? आणि त्यासाठी शिकायचं काय असतं त्यात?"

"खूप असतं, सर. अता जमिनीवर खडूनं रेघा मारतात आणि मग अंदाजानं कापतात. मागच्या महिन्यात विमान केलं, ते उचलल्यावर शेपटाकडं कललं. पाद्रीबाबांच्या पायावर आलं असतं. मला ते कागदावर आधी नीट काढता आलं पाहिजे. कोरायला शिकलं पाहिजे. अतांचे डोळेही आता..." तिनं बोटांवरचा लाल रंग चोळला. "आणि सर, धंदा चांगला आहे. आमच्याकडे सगळे येतात. तुम्हीसुद्धा याल."

"पुरे!" सर म्हणाले. "आई काय म्हणते?"

इथं मात्र शोर्मेचा आवाज खाली आला. तिची आई देदेई मासे धुरी देऊन विकायची आणि पोरीच्या अंगावर पांढरा गणवेश बघायची स्वप्नं पाहायची. "आई म्हणते, सर सही करतील तर मी करीन. सर नाही म्हणाले तर विज्ञान."

"मग प्रश्नच मिटला," असं म्हणून सरांनी फॉर्म खणात टाकला. "शुक्रवारपर्यंत विचार कर. विचार करून विज्ञान लिही. पुढचा!"

मंगळवारी समाजशास्त्राच्या तासाला मागच्या बाकांवर खसखस पिकली. सर फळ्याकडून वळले तेव्हा एक काळी वही चार हातांतून फिरून शोर्मेच्या मांडीवर जाऊन पडत होती. सरांनी ती जप्त केली आणि वर्गात उघडलीही नाही. इतका संयम त्यांच्याकडे होता. मधल्या सुट्टीत कोठीला आतून कडी घालून, समोर केंकीचा मक्याचा गोळा आणि तळलेला मासा ठेवून त्यांनी वही उघडली.

वहीत शाळेतल्या समस्त गुरुजनांच्या शवपेट्या होत्या.

ओकांटे मॅडमची पितळी घंटा होती. घंटेच्या मुठीच्या जागी त्यांचा अंबाडा. गणिताचे आब्लो सर पाचव्या तासाला वर्गात डुलक्या घेत, त्यांना आरामखुर्ची. तीसुद्धा दुमडता येणारी, आणि बाजूला बारीक अक्षरांत टीप, की बिजागऱ्या पक्क्या कराव्यात, नाहीतर चर्चमध्ये मिटेल. स्टाफरूममध्ये अत्तरं विकणाऱ्या विज्ञानाच्या बाईंना भलीमोठी पर्स, चेन उघडली की बाई दिसणार. रखवालदाराचं बंद फाटक. सर हसत सुटले. आरामखुर्ची बघताना मिरचीचा ठसका लागून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं तरी हसू थांबेना. आता माझी कुठली असेल, असं म्हणत त्यांनी तेलकट बोटानं पान उलटलं. मोठं पुस्तक असेल, होकायंत्र असेल, निदान दीपस्तंभ तरी असेल.

पानावर वर लिहिलं होतं, "क्लोटे सर". खाली काहीच नव्हतं.

त्यांनी पान खिडकीपाशी नेलं. तिरकं धरून बघितलं. तीन-चार वेळा काहीतरी काढून खोडलेलं दिसत होतं. काय काढलं होतं ते काही केल्या कळेना. आणि शेवटी एका कोपऱ्यात लिहिलं होतं, "काय ते कळत नाही."

केंकी तशीच राहिली. घंटा, खुर्ची, पर्स यांचा राग यायला हवा होता, पण त्या सगळ्यांचा सरांना हेवा वाटला. आब्लोसारख्या झोपाळू माणसाचं काय ते पोरीला कळलं, आणि माझं कळू नये? खरं तर वही मॅडमपुढं ठेवायची, की काम फत्ते. शोर्मेला शिक्षा झाली असती, देदेईला बोलावणं गेलं असतं आणि विज्ञानाचा प्रश्नही सुटला असता. पण वही मॅडमच्या हातात द्यायची म्हणजे त्यांनी पानं उलटायची. आपली घंटा बघून झाली की त्या या रिकाम्या पानापर्यंत पोचणारच. सरांनी वही काखेत मारली आणि शाळा सुटायच्या आधीच, आजोबांकडे तक्रार करायची म्हणून, तेमा रोडला निघाले.

त्या दुकानावरून ते रोज जात, पण दुसरीकडे बघत. आज समोर जाऊन उभे राहिले. रस्त्याच्या कडेलाच एक लाल खेकडा वाळत होता. आत कोकोची शेंग, अर्धवट रंगवलेला कांदा, आणि फळीवर आडवं ठेवलेलं माणसाहून लांब निळं पेन. ओडार्टे अता स्टुलावर बसून पॉलिशपेपर घासत होते. सत्तरीचा, वाळलेला, कानामागं पेन्सिल खोचलेला माणूस. काखेत काळी वही धरून, या पायावरून त्या पायावर होणारा, घामाघूम झालेला गृहस्थ त्यांनी बघितला. अशी माणसं त्यांनी पन्नास वर्षं बघितली होती. घरात कुणी गेलं की पहिल्यांदा येणारा माणूस असाच उभा राहतो.

"बसा, बसा," अता म्हणाले. "आधी पाणी घ्या."

पाणी घेतल्याशिवाय कामाचं बोलायचं नसतं, आणि कुणाच्या घरचं पाणी प्यायल्यावर त्याच्यावर ओरडायचं नसतं. सर मुकाट्यानं प्याले. तक्रार निम्मी तिथंच विरघळली.

"कोण गेलं?" अतांनी हळूच विचारलं.

सरांनी तोंड उघडलं. कोणी गेलं नाही, तुमची नात वाया चाललीय, असं म्हणायचं होतं. पण पुढं वही दाखवावी लागली असती, आणि म्हाताऱ्यानं ते रिकामं पान बघितलं असतं. पलीकडचं निळं पेन दिसत होतं म्हणून सरांनी वेळ काढायला विचारलं, "ते कुणाचं?"

"ते होय? न्युंगुआच्या एका मास्तरांचं. मास्तर म्हटलं की पेन. मी घरच्यांना विचारलं, आणखी काय होते हो? काय आवडायचं? कशाला हसायचे? म्हणतात, मास्तर होते. दोनदा विचारलं. मास्तर होते. मग काय करणार? पेन." अतांनी मान हलवली. "तुमच्याकडे कोण?"

"भाऊ," क्लोटे सर म्हणाले.

त्यांना सख्खा भाऊ नव्हता, चुलतही नव्हता. पण आमच्याकडे कोण कुणाचा भाऊ आणि कसा, हे विचारायची पद्धत नाही. एका गल्लीत वाढले तरी भाऊच.

"अरेरे! थोरला की धाकटा?"

"बरोबरीचा."

"जुळा?"

"तसंच म्हणा."

"जुळा जायचा म्हणजे अर्धं अंगच गेलं की!" अतांनी पॉलिशपेपर खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी सरांचा हात धरला. "नाव काय त्यांचं?"

"तेको," सर म्हणाले. प्रामप्रामला, लहानपणी, घरी त्यांना याच नावानं हाक मारत. हे नाव तोंडी येऊन चाळीस वर्षं झाली असतील.

"आणि तेको करायचे काय?"

सरांनी पेनाकडे बघितलं. मास्तर होता म्हटलं की झालं, चार मिनिटांचंसुद्धा काम नव्हतं. पण त्या पेनाकडे बघता बघता त्यांच्या तोंडून निघालं, "रेडिओवर होता. फुटबॉलची कॉमेंट्री करायचा."

"असं! मग बसा नीट. घाई नको. मला सगळं सांगा. सुरुवात कशी झाली?"

सर एकोणीस वर्षं मुलांना प्रश्न विचारत आले होते, पण कुणी आपल्याला प्रश्न विचारून उत्तराची वाट बघत बसतं म्हणजे काय, हे त्यांना त्या स्टुलावर कळलं. अता हूं का चूं न करता ऐकत होते. सरांनी सांगितलं, की तेको समुद्रावर मुलांचे सामने चालत तिथं उलट्या होडीवर चढून बसे. दुधाचा रिकामा डबा तोंडाशी धरी. मुलं खेळायची कमी आणि त्याचं ऐकायची जास्त. गोल झाला नाही तरी तो गोल झाल्यासारखं सांगायचा, आणि मग मुलं लाजेकाजेस्तव पुन्हा प्रयत्न करायची. एकदा तर म्हणे गोलकीपर त्याचं ऐकत ऐकत उभाच राहिला आणि बॉल त्याच्या पायांमधून गेला.

"बोलायचे कसे?" अतांनी विचारलं. "आवाजावर सगळं असतं. पेटीला तोंड किती रुंद ठेवायचं ते त्यावर ठरतं."

"असा," म्हणून सर हळू आवाजात दोन वाक्यं बोलले.

"ऐकू आलं नाही."

सर जरा मोठ्यानं बोलले. मग आणखी मोठ्यानं. मग त्यांना कळलंच नाही कधी ते उभे राहिले, कधी मूठ तोंडाशी गेली, आणि कधी तो समुद्रकिनाऱ्यावरचा सामना तेमा रोडवर सुरू झाला. डावीकडून चेंडू येतोय, एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं, अरे अरे, तिसरा पडला, उठा साहेब, वाळूत झोपायची ही वेळ नव्हे! समोरच्या टोमॅटोवाल्या बायका उठून आल्या. प्रवाशांनी भरलेली एक ट्रोट्रो थांबली आणि दारात लोंबकळणाऱ्या कंडक्टरनं, म्हणजे मेटनं, ओरडून विचारलं, "स्कोअर काय झाला?" सरांनी त्यालाही कॉमेंट्रीत ओढला. गोल झाला तेव्हा बायकांनी डोक्यावरची फडकी उडवली आणि सर धापा टाकत स्टुलावर बसले.

"वा," अता म्हणाले. डोळे पुसत होते. "भावाचा आवाज तुमच्यात उतरलाय. मोठा माणूस गेला हो. मोठाच मायक्रोफोन करू."

"अता, मायक्रोफोन नको," मागून कुणीतरी म्हणालं. "दुधाचा डबा करा. त्यांचं सगळं डब्यात होतं."

कांद्यामागं शाळेची पिशवी खांद्याला अडकवून शोर्मे उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. सरांची पाचावर धारण बसली. आता ही म्हणणार, यांना कुठला भाऊ! पण शोर्मेनं आपल्या कानामागची पेन्सिल काढली, प्लायवूडचा एक तुकडा मांडीवर घेतला आणि विचारलं, "डब्यावर गाय होती का, सर?"

"होती," सर म्हणाले. "एक शिंग खरवडलेलं."

"डावं की उजवं?"

"डावं."

ती काढू लागली. डबा आडवा ठेवला तर खांदेकऱ्यांच्या हातात गरगर फिरेल, म्हणून तिनं तो उलट्या होडीवर बसवला. उलट्या होडीचे काठ सपाट, तो खालचा भाग. डबा वर, अर्धा उघडणारा. खांदेकऱ्यांचे हात कुठं येतील, उंची वाढली तर चर्चच्या दारातून जाईल का, वजन कुठल्या टोकाला पडेल, हे ती अतांशी आकडे घालून बोलत होती, आणि अता मान डोलवत होते. सर बघत राहिले. गणितात पहिली आलेली मुलगी ते गणित कुठं वापरते, हे त्यांनी आज पहिल्यांदा बघितलं. गुणपत्रिकेत यातलं काहीच दिसलं नव्हतं.

"माती कधी?" अतांनी विचारलं.

"शवागारात ठेवलाय," सर म्हणाले. "घरच्यांचं तारखेवर अजून जमत नाहीय."

"असं होय," अता समजुतीनं म्हणाले. घरच्यांचं कधीच लवकर जमत नाही, महिना जातो, दोन जातात, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. सरांनी मनात सुटकेचा निःश्वास टाकला, वही शोर्मेच्या हातात कोंबली आणि पहिल्या ट्रोट्रोत चढले. प्रकरण मिटलं, असं त्यांना वाटलं.

तेशीत टोमॅटोवालीच्या कानावर गेलेलं प्रकरण मिटत नसतं. गुरुवारी सकाळी सर फाटकातून आत शिरले तर रखवालदारानं टोपी काढली. मैदानावर सगळी शाळा रांगेत उभी होती, आणि ओकांटे मॅडम काळा पोशाख घालून, कमरेला दुखवट्याचं लाल फडकं बांधून ओट्यावर उभ्या होत्या. आब्लो सरांच्या दंडालाही लाल पट्टी होती. सरांनी मागं वळून बघितलं. पळायला वाट नव्हती. अत्तरवाल्या बाईंनी त्यांना हाताला धरून पुढं नेलं.

"आपल्या क्लोटे सरांवर दुःखाचा डोंगर कोसळलाय," मॅडम सुरू झाल्या. "त्यांचे जुळे बंधू, सुप्रसिद्ध फुटबॉल निवेदक तेको क्लोटे, आपल्यात राहिले नाहीत. मुलांनो, तुम्ही लहान आहात. तुम्ही त्यांना ऐकलं नसेल. मी ऐकलंय."

सरांनी दचकून वर बघितलं.

"आमच्या घरी एकच रेडिओ होता," मॅडम सांगत होत्या, आणि त्यांचा आवाज खरंच कापत होता. "माझे वडील तो खिडकीत ठेवायचे. सगळी गल्ली जमायची. तेको क्लोटेंचा आवाज आला की माझी आई भांडी घासायची थांबायची."

"ती फायनल!" आब्लो सर मधेच म्हणाले. ते पूर्ण जागे होते. "शेवटच्या मिनिटाचा गोल! तो आवाज अजून माझ्या कानात आहे."

रखवालदारानं मान डोलवली. त्यानंही ती फायनल ऐकली होती. अत्तरवाल्या बाईंना तर तेकोंना एकदा लग्नात प्रत्यक्ष बघितल्याचं आठवत होतं, अगदी साधा माणूस, म्हणाल्या, कसला म्हणून गर्व नाही. मग मॅडमनी सांगितलं की आता एक मिनिट शांत उभं राहू या.

सहाशे मुलं शांत उभी राहिली. सर खाली मान घालून उभे होते. आधी त्यांना हसू फुटेल अशी भीती वाटली, म्हणून त्यांनी ओठ दाबून धरले. मग त्यांना ती खिडकी दिसली. खिडकीतला रेडिओ, भांडी घासायची थांबलेली बाई, जमलेली गल्ली. सगळे कान टवकारून ऐकताहेत, आणि रेडिओतून तो बोलतोय. किती चांगला बोलतोय! त्याला एवढे लोक ओळखत होते, एवढे लोक त्याच्यावर जीव टाकत होते, आणि तो गेला. क्लोटे सर हुंदका देऊन रडले. हुंदका असा आला की पुढच्या रांगेतली लहान मुलं घाबरली. सर तोंडावर रुमाल धरून रडत राहिले, मिनिट संपलं तरी रडत राहिले, आणि शेवटी आब्लो सरांनी त्यांना धरून कोठीपर्यंत नेलं. शाळेत त्या दिवशी सगळे म्हणत होते, भाऊ असावा तर असा.

मधल्या सुट्टीत दारावर टकटक झाली. शोर्मे होती. सरांचे डोळे सुजले होते. त्यांनी चष्मा घातला नव्हता, पण आज त्यानं कुणी गडबडणार नव्हतं, हे त्यांनाही कळत होतं.

"सर, अतांनी पाठवलंय," ती म्हणाली. तिच्या हातात तो प्लायवूडचा तुकडा होता. "पेटीवर नाव आणि तारीख घालायची असते. तारीख राहिलीय. तुमचे भाऊ गेले कधी?"

पोरीचा चेहरा गंभीर होता, डोळे मात्र अजिबात गंभीर नव्हते. सरांनी तिच्याकडे बघितलं. खोटं बोलायला एक तारीख पुरली असती, कुठलीही. त्यांनी खण उघडला आणि तिचा फॉर्म बाहेर काढला. शाखेच्या रकान्यात निळ्या शाईत ठासून लिहिलेलं "चित्रकला" अजून तसंच होतं.

"तुझ्याएवढा होता," सर म्हणाले.

शोर्मेच्या डोळ्यांतलं हसू जरा थांबलं. "पण सर, रेडिओवर तर..."

"रेडिओपर्यंत तो पोचलाच नाही."

"मग गेले कशानं?"

"हाच फॉर्म भरताना."

सरांनी पेन शोधलं. खाली सही केली, सहीखाली शिक्का मारला, आणि शाई वाळावी म्हणून त्यावर स्वतः फुंकर घातली. मग फॉर्म तिच्यापुढं सरकवला.

"आईला सांग, सर हो म्हणाले. तिची सही घेऊन उद्या सकाळीच आण. वीसचे एकोणीस झाले, ते मॅडमना मी सांगतो."

शोर्मेनं फॉर्म घेतला, दोन्ही हातांनी. दारापर्यंत गेली आणि तिथून वळली. प्लायवूडच्या तुकड्याकडे बघत, आकडे मनात मांडत म्हणाली, "सर, मग पेटी लहान करावी लागेल."

"लहानच कर," क्लोटे सर म्हणाले.